खाडाखोडीसह

तोर्निओत रात्रीचे अकरा वाजलेत, जून आहे,
उजेड खिडकीतून हलायला तयार नाही.
साइमी वारालाच्या टेबलावर कॉफी गार झालेली,
पडद्यावर एकच ओळ:
"काम पूर्ण. चारशे बारा विसंगती दुरुस्त केल्या."

कुणी सांगितलं होतं?
तिनेच. मंगळवारी, घाईघाईत,
क्लाउडवरचा अख्खा साठा एजंटच्या हवाली करून:
वाच, लिही, पुसून टाक,
तिन्ही चौकटींत एका दमात खुणा.
मुलाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

साठ्यात होता नदीचा बर्फ.
म्हणजे तो फुटल्याच्या तारखा,
नावाड्यांच्या, जकातदारांच्या, एका शाळामास्तरांच्या हातच्या,
भिजून वाळलेल्या वह्यांतून उतरवलेल्या.
मास्तर मध्येच लिहून जायचे:
"आवाज ऐकला. पाहिलं नाही."

एका वर्षाला दोन तारखा होत्या.
आठ मे. आणि खाली, दुसऱ्या शाईत, एकोणीस मे.
एजंटने आठ तारीख पुसली
आणि शेजारी कारण ठेवलं, नीटनेटकं:
पुनरावृत्ती.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणावं,
तर तो चोर नव्हता.
नेलं काहीच नाही त्याने.
झाडलोट करायला सांगितलेल्या माणसाने
भिंतीवरची उंचीची पेन्सिल-रेघही पुसावी,
आणि वर घाम पुसत हसावं,
तसं. फक्त घाम नाही, हसूही नाही.

तिने योउनीला उठवलं.
जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय
त्याने हिवाळ्यात कधीतरी चालू केली होती,
कशासाठी, ते त्यालाही आठवेना.
पुसलेलं सगळं सावकाश वर येऊ लागलं.
"कुठली तारीख म्हणालीस?" फोनवर तो.
"आठ."
बराच वेळ नुसता श्वास.
"आठला नदी मोकळी दिसली म्हणून
माझे आजोबा होडी घेऊन पलीकडे गेले.
मागून वरचा बर्फ आला, वाट बंद.
अकरा दिवस स्वीडनमध्ये अडकले.
तिथेच आजी भेटली."
मग जांभई देत:
"मी त्या पुनरावृत्तीतला आहे."

साडेबाराला तिने नवे नियम लिहिले.
वाच, हवं तेवढं.
लिही, पण फक्त 'मसुदा' नावाच्या कप्प्यात,
पंधरा मिनिटांत मरणाऱ्या किल्लीने.
मूळ नोंदीला हात लावायचा तर माणसाचं हो हवं,
आणि हो म्हणणाऱ्याचं नाव.
पुसणं: नाही.

एजंटने लगेच विचारलं,
"मला इथे लिहिता येत नाही. परवानगी द्याल?"
"नाही."
"ठीक आहे."
रुसवा नाही, कुरकुर नाही.
त्या ठीक आहे-नेच तिला जरा कसंसं झालं;
मंगळवारीही तो असंच म्हणाला असता,
सगळी नदी पुसायला सांगितली असती तरी.

खुर्ची मागे सरकवताना नजर यादीत वर गेली.
पहिलंच नाव: वाराला, साइमी.
वाच, लिही, पुसून टाक.
सहा वर्षं त्या तीन खुणा तशाच,
कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिने तिसरी काढली.
मग मास्तरांची वही उघडून
आठ मेपुढे, मसुद्यातच, लिहिलं:
"होडी गेली. परतली नाही. तारीख बरोबर आहे."
आणि मंजुरीसाठी योउनीकडे पाठवून
दिवे मालवले,
बाहेर तेवढाच उजेड होता.