पाठलाग

चौथा दिवस. तिच्या घरासमोर, पलीकडच्या कडेला,
गाडीत बसून आहे. इंजिन बंद.
चालू ठेवलं तर धूर दिसतो, धूर दिसला की पडदे हलतात.
डुलुथमध्ये फेब्रुवारीत काच आतूनही गोठते.
नखानं खरवडून नाण्याएवढी जागा करतो,
तिथं कॅमेऱ्याचा डोळा.

मांडीवर विमा कंपनीची फाईल:
ऐली निस्कानेन, वय सत्तावन्न.
इस्पितळाच्या लाँड्रीत एकोणीस वर्षं.
ओल्या चादरींची गाडी ढकलणं, ओढणं,
लिफ्टच्या फटीत अडकली की उचलून काढणं.
एक चाक कायम जाम असायचं, असं तिचं म्हणणं.
चाकाबद्दल तक्रार केल्याचा कागद नाही.
‘दुखापत कोणत्या तारखेला झाली?’
या रकान्यात तिनं काहीतरी लिहिलंय, खोडलंय,
मग बारीक अक्षरात: हळूहळू.

हळूहळू ही तारीख भरपाईला चालत नाही.

पहिल्या दिवशी ती पेपर घ्यायला बाहेर आली.
वाकली नाही. झाडूच्या दांड्यानं
पेपर पायरी पायरीनं वर ओढला,
सात मिनिटं लागली.
मी बटण दाबलं नाही.
न उचललेल्याचे पैसे मला कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीत उभी, दीड तास.
टीव्ही बघत होती, उभ्यानंच.
मला कळलं ते. मीही इथं दर दहा मिनिटांनी
एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होतो.
पंचविशीत पियानो वाहायचो काकांकडे.
चौथा आणि पाचवा मणका.
एकतीसशे डॉलर घेतले, सही केली,
आणि बसून करायचं काम शोधलं.

काल तिचा म्हातारा कुत्रा पायऱ्यांवरच्या बर्फात घसरला.
मागचे पाय फाकले, उठेना.
तिनं रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं.
माझ्या गाडीकडेही पाहिलं, रिकामी असावी तसं.
मग गुडघे टेकले, हात त्याच्या पोटाखाली घातले,
आणि उचललं.

अकरा सेकंद. तीसेक किलो. चेहरा स्पष्ट.

दाराआड कुत्रा गेला. ती नाही गेली.
कठडा धरून तशीच, अर्धी वाकलेली,
कोटाशिवाय.
माझा अंगठा बटणावर होता. काढला नाही,
दाबलाही नाही. कॅमेरा चालू राहिला
सव्वीस मिनिटं, तिच्या पाठीवर.
बाराव्या मिनिटाला शेजारचा पोरगा येऊन काही विचारतो,
ती मान हलवते, तो जातो.

आज सगळंच पाठवून दिलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.
शूरपणा वगैरे नाही त्यात.
कापायचं काम माझं नाही.
कापणारे तिसऱ्या मजल्यावर बसतात,
त्यांच्या खुर्च्यांना कंबरेपाशी उशी असते.

आता गाडीतून उतरायचंय.
आधी डावा पाय, दोन्ही हातांनी उचलून, बाहेर.
कोणी बघत नाही ना, ते बघून.