बोट

नोटीस आली तेव्हा मी फोंड्याच्या ऑफिसात.
खाली हार्डवेअरचं दुकान, वर मी आणि दोन संगणक,
सुपारीच्या सोसायट्यांसाठी खातेवहीचा प्रोग्राम लिहिणारी.

आरोप एकशे चौदा शब्दांचा.
म्हणजे आरोप चाळीस पानांचा; शब्द एकशे चौदा.
आवकनोंद. वजनवजा. बारदान.
यांवर म्हणे त्यांचा प्रताधिकार,
यांच्या क्रमावर,
मधल्या स्वल्पविरामावरसुद्धा.

आतलं सगळं मी लिहिलं, अडीच वर्षं, रात्री.
दारावरची नावं तेवढी तीच ठेवली,
कारण शिरोड्याच्या सोसायटीत उर्सुला कुलासो बसते.
एकोणीस वर्षं एफ-चार, दोन, एंटर,
समोरच्या बागायतदाराशी ओलाव्यावरून भांडत,
हाताकडे न बघता.
आणि तिच्या मागचा वजनकाटा,
तोही त्याच हाकेला ओ देतो.

पणजीचे वकील सुर्लकर म्हणाले,
नक्कल केली? हो की नाही?
नावांची, हो.
हाक मारायची तर नाव तेच घ्यावं लागतं ना?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
कोर्टात असं बोलू नका, म्हणाले.
आणि मक्तेदारीचा अर्ज वेगळा,
दिल्लीला, स्पर्धा आयोगाकडे. त्याची फीही वेगळी.

येताना रायबंदरच्या धक्क्यावर स्कूटर थांबवली, उगीच.
चोडणहून फेरी आली,
लोखंडी जीभ सिमेंटच्या उतारावर घासत टेकली.
बोट कुणीही बांधो,
तिला या उताराशी जमवून घ्यावं लागतं.
उद्या कुणी म्हणालं, उतार माझा,
हा कोन आधी मी काढला,
तर मांडवी सगळ्यांचीच राहील.
पोहता येणाऱ्यांची तर नक्कीच.

गेल्या एप्रिलात त्यांनी दर तिप्पट केला.
अठ्ठावीस सोसायट्यांनी मुकाट भरला.
तेव्हा कळलं, शब्दांचं त्यांना काय पडलंय!
एकोणीस वर्षांची सवय झालेली बोटं
त्यांना गहाण हवीत.

उर्सुलाला फोन केला.
साक्षीला येशील? डोळे मिटून करून दाखव.
तारीख कोणती?
अकरा, बुधवार.
बुधवारी सुपारी येते गे बाय, जमायचं नाही.
आणखीही काही बोलली, जावयाबद्दल,
आणि बोलता बोलता मागे
तीन टिचक्या ऐकू आल्या,
थोडं थांबून
परत तीन.