टाकी नंबर चार

तुम्ही दिल्लीहून आलात, मॅडम, लॅपटॉप मांडीवर घेतलात,
विचारलंत, सीमेवर असताना हवामानात काय फरक जाणवला?
सांगतो.
पहिल्या वर्षी बर्फ खांबाच्या तिसऱ्या खिळ्यापर्यंत होता.
चौथ्या वर्षी पहिला खिळा उघडा,
आणि चौकीमागून रात्रभर पाणी वाहायचं,
कुणी नळ बंद करायला विसरल्यासारखं.
रॉकेलचा वास मारणारं तेच पाणी आम्ही प्यायचो.
रिपोर्टात लिहिलं नाही.
रकाना नव्हता. शत्रूच्या हालचालींचा होता.

आता औशात. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
शिट्टी स्वतःची, दंडुका नगरपरिषदेचा.
टाकी नंबर चार, रात्री दहा ते सहा.
भिंतीवर जमावबंदीचा कागद:
पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र येऊ नये.
घागरींबद्दल त्यात काही नाही.
म्हणून रांगेत घागरी उभ्या राहतात,
चाळीस-पन्नास, गळ्यात गळा, दोरीनं बांधलेल्या,
आणि बाया लांब, लिंबाखाली,
चार-चारच्या घोळक्यानं
कायद्याच्या आत बसतात.

परवा पहाटे तीनला व्हॉल्व्हपाशी काही हललं.
तोंडातून जुनंच निघालं, थम! कौन आता है?
सतरा वर्षांची सवय. उत्तर यायला हवं, दोस्त.
आलं ते असं:
"मी हाय रं, झुंबर. वरडू नको, नातू झोपलाय कडंवर."

मॅडम, परवलीचा शब्द मला कुणी ठरवून दिलेला नव्हता.
मी टॉर्च बंद केला.
अंधारात घागर भरताना आवाज बदलत जातो,
आधी पोकळ, मग जाड, मग एकदम गप्प.
इतक्या पहाऱ्यांत मी असा कान लावून
कधी काही ऐकलं नव्हतं.
नोंदवहीत: ०३.१० ते ०३.२०, सर्व ठीक.
वायसर जुना, किरकोळ गळती.

तुमच्या मसुद्यातली एक ओळ मघाशी वाचली,
उलटी, समोर बसून. सवय आहे.
'पाणीटंचाईमुळे अंतर्गत सुरक्षेस संभाव्य धोका.'
ओळ बरोबर आहे.
फक्त, खाली धोक्याचं नाव लिहायची वेळ आली तर
झुंबरबाईचं आडनाव मला माहीत नाही.
माझं लिहून घ्या. हुद्दा, निवृत्त नाईक.

चहा कोराच आहे. घ्या.
कप तेवढा पुसलेला आहे, धुतलेला नाही.
टँकर बुधवारी.