तपकिरी बाटली

ताळगावच्या सड्यावर वारा दोन्ही अंगांनी येतो.
मुलं म्हणतात सर.
ऑफिसातला क्लार्क मान वर न करता म्हणतो,
स्कॉलर ना? मग नंतर ये.
शिष्यवृत्तीही पाच महिने नंतर येते आहे.
तोवर तासाच्या हिशेबाने मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला
पाण्यातलं मीठ मोजायला शिकवतो.

ब्युरेट नजरेच्या रेषेत आणा.
थेंब सोडा, नळ नको.
पिवळ्याचं विटकरी झालं की हात आवरा.
हे इंग्रजीत सांगतो, मग कोंकणीत,
आणि मनात डिचोलीच्या शाळेतल्या मराठीत,
जिथे मीठ कमी की जास्त
एवढंच विचारायचं असायचं.

पाणी माझंच.
जुव्याच्या खाजनातलं, मानशीच्या आतल्या बाजूचं,
दर पुनवेला, दर अमावाश्येला भरून आणलेलं.
त्याच्यावर माझा प्रबंध उभा आहे,
म्हणजे गुडघाभर चिखलात उभा आहे.
मानशीवरचा पावलू ओंजळीतलं पाणी जिभेवर घेऊन म्हणाला होता,
अवंदा उदक तितलें खारें ना रे.
मी हसलो, आणि वहीत लिहिलं:
हजारात एकवीस.

गुरुवारी सतरा जणांचं उत्तर आलं एकवीस.
काहींचं प्रयोगाआधीच आलं होतं.
शेवटच्या टेबलावर सुविधा वेळीप,
केप्याच्या पलीकडून पहाटेची बस धरून येणारी,
प्रश्न न विचारणारी:
अठरा.
मी लाल गोल काढला. कडेला लिहिलं, पुन्हा करा.
तिने मान हलवली.
तिच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते,
मतदान करून आल्यासारखे.

संध्याकाळी गोकुळदास खिडक्या लावताना सहज बोलला,
तुमची बाटली सरली होती,
शेवटच्या टेबलाला मी नवी फोडून दिली.

कॅन्टीन बंद झालं होतं. पाव नाही, भाजी नाही.
दोन बाटल्या शेजारी ठेवल्या.
जुनीत तळाला उरलेलं पुरेसं होतं.
तिच्या लेबलावर माझंच अक्षर,
तारीख तीन महिन्यांपूर्वीची.
द्रावण दर आठवड्याला तपासून घ्यायचं असतं
हे मी दर आठवड्याला सांगतो.

नवीने केलं: अठरा.
पुन्हा केलं: अठराला दोन दशांश कमी.
जुनीने केलं: एकवीस.
झुआरीवर दिवे लागले होते. मी ब्युरेट धुतली.
मग उगाच परत धुतली.

तीन महिने म्हणजे सहा भरत्या,
बेचाळीस बाटल्या, दोन आलेख,
आणि फुर्तादो मॅडमनी "छान" लिहिलेलं एक प्रकरण.
सतरा जणं माझ्यासारखीच चुकली होती,
म्हणून बरोबर दिसत होती.
कोणाला कळलं नसतं.
ही ओळ रात्रभर माझ्याशी बोलत बसली,
चांगली मैत्रीण असल्यासारखी.

पावलूची जीभ कुठल्या आठवड्यात कोण तपासतं?

लाल शाई खोडता येत नाही.
गोलाच्या बाहेर लिहिलं: उत्तर बरोबर. द्रावण माझं जुनं.
सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय आहे,
तिथे पेन जरा थांबलं.

सोमवारी सतरा जर्नलं परत मागवली.
कुरकुर झाली. एक म्हणाला, सर, सबमिशन झालं ना पण?
मी फळ्यावर दोन आकडे लिहिले
आणि तिसरं वाक्य इंग्रजीत सुचेना,
तेव्हा सरळ कोंकणीत सांगितलं,
चूक म्हजी.
मॅडमना दुपारी भेटायचं होतं, ते अजून व्हायचं होतं.

सुविधाने पान उघडलं, वाचलं,
बोट त्या ओळीवर क्षणभर ठेवलं. डाग फिकट होत आले होते.
मी काहीतरी ऐकायच्या तयारीत उभा.
ती म्हणाली, सर,
चारची बस चुकली की मग साडेसहाची असते.
आज जरा आधी सोडाल?