तिसऱ्या अंकातला उजेड

मंगळवारी याच हॉलमध्ये मतदान झालं.
पडद्यामागे आमचं प्लायवूडचं चर्च उभं होतं,
एका खिडकीचा रंग अजून ओला.
पडद्यापुढे पट्ट्यापट्ट्यांचे सहा आडोसे,
दोऱ्यांना बांधलेल्या पेन्सिली.
मी आणि ऑरिन रांगेत उभे राहिलो,
शनिवारच्या बीन्सच्या जेवणाला राहतो तसे.
मतपत्रिका मिसेस पेल्टिए देत होत्या.
म्हणाल्या, "शुक्रवारी दाराशी तिकिटं मिळतील ना?"
"मिळतील," ऑरिन म्हणाला.

रात्री रेडिओ.
आधी शहरं आली, आमच्या बाजूची.
मग उत्तरेकडची गावं एकेक करून,
जंगलातून माणसं निघावीत तशी.
एक वाजता ऑरिनने फ्रीज उघडला,
आत बघितलं,
आणि काही न घेता बंद केला.
मे महिन्यात कायदा झाला तेव्हाच तारीख धरायला हवी होती.
मीच म्हटलं होतं, घाई काय,
एकतीस वर्षं थांबलोय,
लॉबस्टरचा हंगाम तर उरकू दे.

बुधवारी आल्डनच्या अंगणातली ती पाटी दिसली नाही.
चार भोकं तेवढी, गोठलेल्या मातीत.
पेट्रोल भरताना तो "गुड मॉर्निंग" म्हणाला,
गरजेपेक्षा मोठ्याने.

शंभरात त्रेपन्न.
भातातला खडा दाताखाली यावा
तसा तो आकडा.

शुक्रवारी हॉल भरला.
मी मागे, शिडीवरच्या खोक्यात, दिव्यांपाशी.
वरून फक्त डोकी दिसतात :
टकलं, लोकरीच्या टोप्या,
शिकाऱ्यांच्या दोन भगभगीत नारिंगी.
मी मोजायला लागलो.
लायब्ररीवाली आपली.
दातांचा डॉक्टर, बहुतेक नाही.
मिसेस पेल्टिए : माझ्या मूतखड्याच्या वेळी
आठवडाभर सूप पाठवलं होतं त्यांनी.
त्यांना आपल्यात घेतलं,
मग काढलं,
मग पुन्हा घेतलं.

नाटक अगदी साधं, हसवायचं.
ऑरिन पाद्री. घाईत बायबलऐवजी
पाककृतींचं पुस्तक घेऊन येतो
आणि वधूवरांना शपथ देतो :
बटाटे सोला, कांदा बारीक चिरा,
दुधाला उकळी फुटू देऊ नका, मरेपर्यंत.
लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले.
कुठलं हसणं कुठल्या बाजूचं, कळेना.
मला राग आला.
मीही हसत होतो, तेही आलंच.

मग ऑरिनने पुस्तक मिटलं.
"या लग्नाला कुणाची हरकत असेल
तर त्याने आत्ताच बोलावं."

इथे दारुडा काका उठतो आणि ओरडतो, "माझी आहे!"
त्यावर पुढची चार पानं गोंधळ.
काका म्हणजे आल्डन.
आल्डन उठला.
तोंड उघडलं.
विंगेतून हळूच : माझी आहे.
पुन्हा, जरा मोठ्याने : माझी आहे!
पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं असणार.
आल्डन हातातली टोपी पिळत राहिला,
ओलं फडकं पिळावं तशी.
मी उजेड वाढवायचा होता. विसरलो.
त्या अर्धवट काळोखात ऑरिन एकटा,
उलटी कॉलर, मिशीला डिंक.
किती वेळ गेला सांगता येणार नाही,
एक खुर्ची करकरली एवढं आठवतं.

"नाही?" ऑरिन म्हणाला.
"बरं तर."
आणि लावून टाकलं लग्न.

नाटक वीस मिनिटं आधी संपलं.
खाली कॉफी उकळलीच नव्हती,
लोक टाळ्या वाजवून झाल्यावरही
हातात कोट घेऊन उभे.
मिसेस पेल्टिए माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"शेवट छान होता, नाही?"
आणि भोपळ्याच्या केकचा कडेचा तुकडा दिला,
जो मला आवडतो.

बाहेर काचेवर बर्फ.
मी खरवडत होतो, ऑरिन हीटरपुढे हात धरून आत.
खिडकी बोटभर खाली करून म्हणाला,
"उजेड उशिरा आला तिसऱ्या अंकात."
"मोजत होतो."
"किती झाले?"
"पाचव्या रांगेपर्यंत गेलो, तेवढ्यात तू आलास."

त्याने मिशी ओढून काढली, आई गं म्हणाला.
"आल्डनला उद्या लवकर बोलवू," म्हणाला,
"ती चार पानं
परत बसवायला हवीत."