रुततंय का?

डॉक्टर हाइडिंगरांचा कोच आलाय दुरुस्तीला.
चाळीस वर्षांत निम्मं ग्रात्स त्यावर आडवं पडून गेलं,
छताकडे बघत, आईबद्दल बोलत.
डोक्याशी खळगा, टाचांशी मखमल विरलेली.
फटीतून निघालं ते डब्यात ठेवलंय:
दोन शिलिंग, केसाची पिन, ट्रामचं तिकीट
आणि एक दुधाचा दात.
कुणाचा, हे विचारायची आमच्या धंद्यात पद्धत नाही.

माझे वडील, एगिडियस,
याच दुकानात एकावन्न वर्षं खुर्च्या भरायचे
आणि स्वतः कधीच बसायचे नाहीत.
जेवण खिडकीशी, उभ्याने, ताटली हातात.
चर्चमध्ये खांबाला टेकून.
आई म्हणायची, स्वभावाला औषध नाही,
आणि तरी रोज त्यांची खुर्ची
टेबलापासून वीतभर मागे ओढून ठेवायची.

मनाचा अभ्यास करणारे सगळे बसूनच करतात,
म्हणून आमच्याकडे गिऱ्हाइकांना तोटा नाही.
माप घेता घेता मी प्रत्येकाला विचारते.

डॉक्टर म्हणाले, खुर्ची ही तुमच्या आजोबांची जागा.
खाली तळघरात कुणीतरी दार दाबून धरलेलं असतं
आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं,
मला बसायचंच नाहीये.
मी म्हटलं, आमच्या तळघरात फक्त काथ्या आहे.
ते हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

विद्यापीठातल्या ओट्टिली बाईंनी
दोनशे चाळीस प्रश्न दिले, वडिलांच्या वतीने भरायला.
शब्दकोशातले स्वभावाचे सगळे शब्द चाळले, म्हणाल्या,
की शेवटी पाचच ढीग उरतात.
निकालाचा कागद आला, पाच खांबांचा:
काटेकोरपणा छताला, मिसळणं जमिनीला.
सगळं खरं होतं.
ओळखीचं कुणी नव्हतं त्यात.

उंदरांवर प्रयोग करणारे फ्योडल साहेब
कुरतडलेलं स्टूल घेऊन आले होते.
मनबिन सोडा, म्हणाले.
बसल्यावर काय मिळायचं,
उभं राहिल्यावर काय टळायचं, तेवढं सांगा.
मला आजोबांची पट्टी आठवली, पितळी कडेची.
कामावर बसलेल्या पोराच्या मांडीवर तिचा वळ उठायचा.
हां, म्हणाले फ्योडल, आणि कॉफी संपवली.
पण पट्टी तर चौथ्या वर्षीच मोडली होती.
उरलेली सत्तेचाळीस वर्षं कुठल्या खात्यात टाकायची?

एका तरुण समुपदेशक बाईंना
दोन खुर्च्या हव्या होत्या, अगदी सारख्या उंचीच्या,
बोटभरही फरक नको.
त्यांनी वडिलांबद्दल काहीच सांगितलं नाही.
तुम्हाला काय वाटायचं, एवढंच विचारून
त्या थांबल्या. थांबूनच राहिल्या.
मी खिळे मोजायला लागले.

टेम्पोवाला झ्द्राव्को म्हणाला,
माणूस जागेप्रमाणे वागतो हो.
दुसरीकडे बघितलंत का कधी त्यांना?

बघितलं होतं. एकदाच.
मला घटसर्प झाला तेव्हा, इस्पितळात,
नर्सच्या स्टुलावर, टोपी गुडघ्यावर,
रात्रभर बसलेले.
पहाटे माझा ताप उतरला तसे उठले
आणि नर्सला म्हणाले,
याचा डावा पाय आखूड आहे.

आता कोच भरून झालाय.
नवे स्प्रिंग, नवे घोड्याचे केस, हिरवी मखमल.
पण डॉक्टरांचा निरोप आहे,
खळगा अगदीच बुजवू नका, माणसं बुजतात.
दाभणाने खळगा होत नाही.
तो पाडायला कुणीतरी पडावं लागतं.

वडील प्रत्येक खुर्चीवर आधी मला बसवायचे.
पाय लोंबकळायचे माझे. ते समोर उभे,
तोंडात चार खिळे, त्यामुळे शब्द बोबडे:
रुततंय का?
मी कधी खरं, कधी खोटं सांगायचे.
नाही म्हटलं की उचलून खाली ठेवायचे,
हो म्हटलं की सगळं उसवून पुन्हा भरायचे,
आणि मी पुन्हा बसायचे.

दुकानात आता कुणी नाही.
शटर अर्धं ओढून मी कोचावर आडवी झालेय,
चपला काढून, छताकडे बघत.
उजव्या खांद्याखाली काहीतरी टोचतंय.

हो, मी म्हणते मोठ्याने.
रुततंय.