टेबल उचलण्याचे दिवस

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त टेबल उचललं.
अक्रोडाच्या लाकडाचं, आठ पायांचं,
कधीकाळी म्हणे कुठल्याशा कारखान्याच्या साहेबांचं.
लमाराबाई म्हणायच्या, "बाराजणांनी उचला.
पण कोण उचलतंय ते मला दिसता कामा नये."

कुतायसीतला तो हिवाळा रॉकेलच्या वासाचा होता.
वीज दिवसाला दोन तास, तीही लहर लागली तर.
खिडकीला काचेऐवजी गेल्या मोसमाचं पोस्टर,
त्यातल्या राजाचा एक डोळा फाटलेला,
तिथून वारा यायचा.

आम्ही आलो होतो अभिनय शिकायला.
बाकुरचा आवाज असा की गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकणं थांबवावं.
बाईंनी त्याला दार केलं.
महिनाभर तो उघडला, मिटला, उघडला.
"कुरकुरू नकोस," त्या म्हणाल्या,
"आपण दार आहोत हे दाराला कुठे ठाऊक असतं?
त्याला एवढंच कळतं, कुणीतरी आलंय."

तेकलेला हवं तेव्हा रडता यायचं.
तिला बटाटे सोलायला बसवलं.
खरे बटाटे, कारण नंतर ते आम्हीच खायचो.
"रड की," बाई म्हणायच्या,
"पण सालं पातळ निघू देत."

आणि मी, नुत्सा. माझं घोडं अडायचं वाट बघण्यात.
अंधारात एक ते वीस मोजायचे,
कुठला आकडा कुणाचा हे न ठरवता.
दोन आवाज आदळले की पुन्हा एकपासून.
दर वेळी सातवर मी आदळायचे, बहुतेकदा ओतियावर.
"घे बाई, सात तुझाच," तो हसायचा,
आणि पुढच्या खेपेला पुन्हा मलाच आडवा यायचा.

मार्चमध्ये एकदा वीस लागले.
टाळी कुणी वाजवली नाही.
स्टोव्हची वात फरफरली तेवढीच.
बारा श्वास ऐकू आले की एक,
अजून सांगता येत नाही.

नाटक साधं होतं. एक गाव नदी ओलांडतं.
होडी म्हणजे तेच टेबल, उलटं.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी ओतिया गेला.
बापाबरोबर, ट्रकमधून, सीमेपलीकडे, कामाला.
निरोप द्यायला आला तेव्हा शाळेला कुलूप होतं.
राजाच्या फाटक्या डोळ्यातून त्यानं चिठ्ठी आत टाकली.
"माझा कोपरा डावा, मागचा. जड आहे तो."
सही नाही, काही नाही.

आम्ही बाईंकडे बघितलं.
त्यांच्याकडे दुसरा नट नव्हता, वेळ नव्हता,
आणि मला वाटतं, शब्दही नव्हते.
"टेबल उचला," म्हणाल्या.

अकराजणांनी उचललं. डावा, मागचा कोपरा झुकला.
पुन्हा उचललं. पुन्हा झुकला.
मग बाकुर अर्धं पाऊल मागे सरला,
तेकलेनं आपलं कोपर पुढे केलं.
टेबल सरळ झालं नाही, खोटं कशाला सांगू,
पण ते झुकणं आता नदीचं होतं.

लोक ओव्हरकोट घालून आले, चाळीसेक,
आपापली मेणबत्ती घेऊन.
नदीच्या मधोमध ओतियाचं वाक्य होतं:
"पलीकडे कुणी दिवा लावलाय का?"
ते आता कुणाचं, हे ठरवायचं राहूनच गेलं.
अकराजण अंधारात पलीकडे बघत उभे.
मी मनात मोजत होते. चार. पाच. सहा.
सातला गप्प राहिले,
आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या रांगेत पावभट्टीवाली मझिया होती,
आम्हाला वर्षभर उधारीवर पाव देणारी.
नाटकात बोलायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नसावं.
मेणबत्ती उंच धरून ती म्हणाली,
"अरे, इकडे. इकडे या."

आणि बाकुर उघडला.

दुसऱ्या दिवशी नऊला तालीम होती.
कौतुक वगैरे काही नाही.
"तेकले, काल सालं जाड निघाली.
नुत्सा..." बाई थांबल्या, चष्मा पुसला,
"ते टेबल भिंतीला कुणी लावून ठेवलंय?
मधे आणा."